हातचा मळ

बगळा एका दमात उतरला.

रेश्मा तोडकरनं कुंचला शाईत बुडवला, कागदावर टेकवला आणि चोचीच्या टोकापासून पायाच्या नखापर्यंत रेघ न अडखळता ओढली. मग पाण्याच्या दोन लाटा, लव्हाळ्याचं एक पातं, आणि संपलं. दुसरीच्या पुस्तकातलं पान होतं ते. मागं सरकून तिनं पाहिलं. एक पाय उचलून उभा असलेला बगळा आता मासा टिपणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. इतकं थोडक्यात, इतकं नेमकं काढणं दहा वर्षांपूर्वी आपल्याला जमलं नसतं, हे तिचं तिलाच ठाऊक होतं.

मग तिनं टेबलावरच्या पडद्याकडं पाहिलं.

श्रमांक : अकरा.

मागच्या आठवड्यात कासवाला सोळा मिळाला होता, त्याआधी घुबडाला एकवीस. श्रमांकावरून मोबदला ठरायचा. अकरात कागद-शाईचा खर्च जेमतेम सुटला असता. तिनं कपाळावरची श्रम मोजणारी पट्टी काढली. कातडीवर लाल वळ उठले होते, ते चोळत ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली कळंब्याच्या रस्त्यावर शाळा सुटली होती. पोरं ओरडत घरी निघाली होती आणि रेश्माच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. पुढचं चित्र दहाच्या खाली गेलं तर?

फोन वाजला. ओवी मगदूम. याच टेबलाशी बसून ओवी कुंचला धरायला शिकली होती. आता चोविशीची होती आणि स्वतंत्र कामं घेत होती. याच पुस्तकातली काही पानं तिच्याकडं होती.

"ताई, माझं खारीचं पान गेलं एकदाचं! चार दिवस घोळ घालत होते. शेपटीच जमेना मेली. पण अठ्ठावन्न आला!"

"अठ्ठावन्न?"

"हो ना! तुमचा बगळा केवढ्याला गेला?"

"व्हायचाय अजून," रेश्मा म्हणाली. "शेपटी जमली का मग शेवटी?"

"जमली म्हणजे... झाली कशीतरी. चालेल म्हणाले संपादक."

फोन ठेवल्यावर रेश्माच्या लक्षात आलं, की आपण खोटं बोललो. तेही ओवीशी.

पट्टी आली तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत रेश्मा पहिली होती. खरं तर कल्पनाच तिची.

त्याआधीचे दिवस तिला अजून आठवत होते. यंत्रं चुटकीसरशी चित्रं काढू लागली होती. लहान मुलांच्या पुस्तकांत अर्धी तरी चित्रं माणसाच्या हातची हवीत, असा नियम झाला म्हणून तिच्यासारख्यांचं काम तगलं, पण भाव तगला नाही. प्रकाशक म्हणायचे, "यंत्र फुकट काढतं, बाई, तुम्हाला किती द्यायचे?" दिवाळी अंकवाले म्हणायचे, "पाच मिनिटांचं तर काम! तुमच्या हातचा मळ!" रेश्माला आकडा सांगता यायचा नाही. रात्रभर घोकून ठेवलेला आकडा फोनवर तोंडातून निघाला, की तिचाच आवाज तिला आगाऊ वाटायचा. समोरचा नुसता 'हं' म्हणाला तरी ती आपणहून खाली यायची. मग काम हाती घेऊन आठवडाभर स्वतःवरच चिडायची.

तिची शाळेतली, एका बाकावरची मैत्रीण, डॉ. नफिसा मुजावर, शहरातल्या एका रुग्णालयात लकव्याच्या रोग्यांवर काम करायची. वाचा गेलेल्या माणसाला पुन्हा बोलायला शिकवताना त्याचा मेंदू किती दमतोय, हे बाहेरून कळत नाही. त्यासाठी नफिसानं ही पट्टी बनवली होती. रेश्मा एकदा तिला डबा द्यायला गेली असताना नफिसानं ती समजावून सांगितली होती.

"तळहाताखाली टॉर्च धरलास तर बोटं लाल दिसतात ना? म्हणजे उजेड मांसातून आरपार जातो. डोळ्याला न दिसणारा एक तांबडा उजेड असतो, तो तर हाडातूनही थोडा आत शिरतो. या पट्टीतून तो कपाळात सोडायचा. कपाळामागं मेंदूचा जो भाग आहे, तो विचार करणारा, अडलेलं सोडवणारा. तो कामाला लागला की तिकडं ताजं रक्त धावतं. ताजं रक्त आणि शिळं रक्त उजेड वेगवेगळा शोषतात. परत आलेल्या उजेडावरून कळतं, किती रक्त धावलं. जोडीला डोळ्याची बाहुली किती मोठी झाली तेही मोजायचं. डोक्याला ताण आला की बाहुली फाकते. दोन्ही मिळून एक आकडा."

"मग ती माझ्या कपाळाला बांध," रेश्मा म्हणाली होती, "आणि त्या प्रकाशकाला दाखव, पाच मिनिटांत माझ्या डोक्याचं काय भजं होतं ते!"

दोघी खो खो हसल्या होत्या. पण बोलता बोलता गोष्ट चित्रकारांच्या संघटनेत गेली, तिथून सरकारी समितीत गेली, आणि दोन वर्षांत नियमच झाला. जेवढे कष्ट, तेवढा मोबदला. घासाघीस नाही, लाजणं नाही, ओळखीपाळखी नाहीत. शिवाय चित्र माणसानंच काढलं याचा दाखला आपोआप मिळत होता, कारण यंत्राला कपाळ नसतं. पहिल्या महिन्यात पट्टी लावायच्या धास्तीनंच रेश्माचा श्रमांक सत्तरीत राहिला. तिनं नवऱ्याला, रणजितला, नवा शर्ट घेतला आणि नफिसाला साडी.

मग धास्ती गेली, आणि आकडा उतरू लागला.

अकराच्या बगळ्यानंतर ती नफिसाकडं गेली. नफिसानं तिच्या वर्षभराच्या नोंदी पडद्यावर मांडल्या आणि एकेक करून पाहिल्या.

"पट्टी बिघडलीय का?" रेश्मानं विचारलं.

"नाही गं. तू चांगली झालीस."

"म्हणजे?"

"स्कूटर शिकताना आठवतंय? क्लच, ब्रेक, आरसा, सगळं ध्यानात ठेवावं लागायचं. दोन तासांत डोकं दुखायचं. आणि आता तू मंडईतून येताना माझ्याशी गप्पा मारत येतेस. स्कूटर कोण चालवतं मग? मेंदूचा मागचा भाग आणि खोलवरचे काही भाग. काम हाती बसलं, की पुढचा भाग ते त्यांच्याकडं सोपवून मोकळा होतो. पट्टीला दिसतो फक्त पुढचा भाग."

"आणि मागचा?"

"एवढ्या खोल उजेड पोहोचत नाही. मी समितीला लिहिलं होतं, रेशी. मुरलेल्या माणसाला ही पट्टी कमी लेखेल म्हणून. ते म्हणाले, ज्याला सोपं जातं त्याला जास्त का द्यायचं?"

 बावीस वर्षं रेघ ओढून ओढून तिनं जे कमावलं होतं, ते नेमकं उजेड पोहोचत नाही अशा जागी जाऊन बसलं होतं.

निघताना तिनं दारातूनच विचारलं, "चढवायचा कसा हा आकडा?"

"असलं विचारू नकोस."

"सांग ना."

नफिसानं सुस्कारा टाकला. "अवघड कर काम. नाहीतर डोक्यात दुसरं काहीतरी चालू ठेव. हिशेब, भांडण, काळजी. काळजीला तर हाच भाग लागतो. पट्टीला चित्र आणि चिंता यांतला फरक कळत नाही."

रेश्मानं सगळं करून पाहिलं. डाव्या हातानं काढलं. आकडा चढला, पण मांजराचं बोचकं झालं आणि संपादकांनी ते परत पाठवलं. उजव्या हातानं काढताना मनात सतराचा पाढा उलटा म्हटला. आकडा थोडा हलला, पण तिसऱ्या दिवशी पाढाही पाठ झाला. कानाला बातम्या लावल्या. नवऱ्याशी मुद्दाम उकरून भांडण काढलं, पण रणजितचा स्वभाव असा, की तो भांडायचाच नाही. "चुकलं माझं," म्हणायचा आणि चहा टाकायचा.

रणजित शिरोलीच्या एका फाउंड्रीत सुपरवायझर होता. विजेवरच्या गाड्या आल्या, इंजिनांचे सुटे भाग ओतायचं काम आटलं, आणि गेले सहा महिने कारखाना अर्ध्या पाळीवर चालला होता. पगारही अर्धा. दुपारी घरी येऊन तो न बोलता भांडी घासायचा. एवढा मोठा माणूस दुपारी बाराला घरात दिसला, की रेश्मा महिन्याचा हिशेब पुन्हा मांडायची.

अशाच एका दुपारी आरशासमोर दाढी करताना तो म्हणाला, "अगं, इथं हात लाव बरं जरा."

गळ्याच्या डाव्या बाजूला बोराएवढी गाठ होती. दुखत नव्हती. हाताखाली सरकतही नव्हती.

डॉक्टरांनी सुई घालून पेशी काढल्या. तपासणी पुण्याला होणार, निकाल यायला आठ-दहा दिवस लागतील, म्हणाले. "तोवर काळजी करू नका," असंही म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रेश्मा कामाला बसली तेव्हा चित्राकडं तिचं लक्षच नव्हतं. पहिलीच्या अंकलिपीचा मोठा संच हाती आला होता. पानापानावर प्राणी, फळं, भांडी. हात आपसूक चालत होता, आणि डोकं गाठीभोवती फिरत होतं. गाठ कसली असेल? त्याच्या आईला काय झालं होतं? ऑपरेशन झालं तर आवाज जाईल का? चित्र झालं. कणीस. दाणा न् दाणा जागच्या जागी.

श्रमांक : ऐंशी.

तिला आधी काही कळेना. मग कळलं. सरावलेला हात आणि धास्तावलेलं डोकं. चित्र उत्तम आणि आकडाही उत्तम. पट्टीला याहून चांगला कामगार मिळाला नसता.

संध्याकाळी पैसे जमा झाल्याचा निरोप रणजितनं वाचला आणि त्याचे डोळे मोठे झाले. "एवढे? एका कणसाचे?"

"कणसाचे नाहीत," ती म्हणाली. "तुमच्या गाठीचे आहेत." आणि तिनं त्याला सगळं सांगितलं. काळजीनं पट्टी कशी चढते ते, नफिसा काय म्हणाली ते. बोलताना ती हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. रणजितनं तिला जवळ घेतलं. त्याच्या मानेला कान लागला तशी ती झटक्यानं मागं सरकली, जणू गाठ भाजली.

पुढचे दिवस विचित्र गेले. रोज सकाळी ती विचारायची, "रिपोर्ट आला का हो?" तो म्हणायचा, "नाही अजून. पुण्याहून यायचाय." मग ती कामाला बसायची. आंबा, कढई, बदक. आकडा पंच्याहत्तर, ऐंशी, ब्याऐंशी. तिचं जेवण कमी झालं. कुंचला धुताना पाणी सांडायचं, पण कागदावर टेकला की हात स्थिर. एकदा भाजी चिरताना मनात आलं, की रिपोर्ट निदान हा संच संपेपर्यंत न आला तर? तिनं विळी तशीच सोडली आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिली. आपल्याला असं वाटलं? आपल्याला?

दोन आठवडे होत आले. त्या दिवशी रणजित नेहमीप्रमाणं पाळीवर गेला होता. रेश्मा 'ज' जहाजाचा काढत होती. शीड भरून झालं आणि तिला अगदीच राहवेना. पट्टी कपाळाला तशीच ठेवून तिनं तपासणी केंद्राला फोन लावला.

"रणजित तोडकर यांचा रिपोर्ट. अजून आला नाही आमचा."

पलीकडच्या मुलीनं बघितलं. "मॅडम, तो तर मागच्या मंगळवारीच सर घेऊन गेले."

"कोण सर?"

"पेशंट स्वतः. डॉक्टरांशी बोलूनही गेले. नॉर्मल आहे मॅडम, साधी गाठ आहे. सहा महिन्यांनी दाखवायचं फक्त."

रेश्मानं फोन खाली ठेवला. काही नाहीये. त्याला काही नाहीये. तिनं देवाचं नाव घेतलं, खुर्चीचा हात घट्ट धरला. मग हळूहळू दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. मागचा मंगळवार.

त्याच वेळी दार उघडून रणजित आत आला. हातात पालकाची जुडी होती.

"मंगळवारी आणलास तू रिपोर्ट," ती म्हणाली.

सतरा वर्षांच्या संसारात ती त्याला कधी 'तू' म्हणाली नव्हती. रणजित दारातच थांबला.

"सांगणार होतो," तो म्हणाला.

"कधी?"

"त्याच दिवशी. धावतच आलो होतो गं. दारात आलो तर तू बदक काढत होतीस. पडद्यावर ब्याऐंशी होता. म्हटलं, एवढं एक चित्र होऊ दे. मग..." त्यानं जुडी टेबलावर ठेवली, परत उचलली. "मग वाटलं, एवढा संच होऊ दे. हा महिना तरी निघेल."

"मी रोज विचारत होते. रोज! तू माझ्या तोंडाकडं बघून नाही म्हणत होतास?"

"माझा पगार बघतीयास ना तू? मी काय आणतोय घरात?" त्याचा आवाज चढला आणि लगेच पडला. "मला वाटलं, तुला तसंही काळजी करायची सवयच आहे. चार दिवस जास्त झाली तर..."

तो बोलायचा थांबला, कारण टेबलावरच्या यंत्रातून टुणटुण असा गोड आवाज आला होता. दोघांनी पडद्याकडं पाहिलं. पट्टी रेश्माच्या कपाळावर होती आणि जहाज अजून चालू कामात होतं.

श्रमांक : एकशे चार. अभिनंदन! ही आपली आजवरची सर्वोच्च नोंद आहे.

रेश्मानं पट्टी कपाळावरून ओरबाडून काढली. फेकली मात्र नाही. टेबलावर ठेवली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

पुढं काही दिवस तिनं कागदाला हात लावला नाही. अंकलिपीचा उरलेला संच तिच्याकडून काढून घेण्यात आला. रणजित खाली मान घालून वावरायचा, जेवायला वाढायचा. दोघं बोलायचे, पण नुसतं कामापुरतं. गाठीचं भय गेलं होतं, तरी सकाळी उठल्याबरोबर तिचं लक्ष त्याच्या गळ्याकडं जायचं. तो म्हणायचा, "बरा आहे मी." आणि तिला वाटायचं, खरंच? की आजही काही झाकलंय?

तिनं फोनवर नफिसाला सगळं सांगितलं. नफिसानं तारखा, आकडे लिहून घेतले. मग म्हणाली, "मी समितीपुढं जाते परत. तुझं नाव न घेता सांगते." ती गेलीही. त्यांनी अभ्यासासाठी एक उपसमिती नेमली.

शनिवारी ओवी आली. रेश्माची कामं थांबल्याचं तिला कुठून तरी कळलं होतं. आल्या आल्या तिनं चिवड्याचा पुडा काढला, इकडचं तिकडचं बोलली. रेश्मानं पूर्वीसारखा जाड कागद पुढं सरकवला आणि शाईची बाटली उघडून दिली. "काढ की खार. बघू ती शेपटी कुठं अडते."

ओवीनं हात मागं घेतले. "नको ताई."

"अगं, पट्टी नाही, काही नाही. उगीच. मजा म्हणून."

"तसं नाही ताई." ती कानकोंडी झाली. "हात बसेल."

रेश्माला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"सराव केला की आकडा उतरतो ना," ओवी समजावण्याच्या सुरात म्हणाली. "आमच्यातलं कुणीच आता घरी काढत नाही. मी तर सहा महिन्यांत कामाशिवाय कागद धरला नाही. तुमचं काय झालं ते बघितलंय ना आम्ही. तुम्ही फार चांगल्या झालात."

हे ती मायेनं म्हणाली. तेच रेश्माला सोसवेना. त्या चोवीस वर्षांच्या हातांकडं ती बघत राहिली. या हातांना तिनंच रेघ शिकवली होती, आणि आता ते हात आपण चांगले होऊ या भीतीनं मांडीवर गप्प बसून होते.

ओवी गेल्यावर तिनं पट्टी डब्यात घालून संघटनेच्या पत्त्यावर परत पाठवली. म्हणजे पाठ्यपुस्तकांची कामं कायमची बंद. हे तिला कळत होतं.

मडगावच्या वामन फातर्पेकरांचा फोन आला तो त्यानंतर. छोटे प्रकाशक होते, गोव्यातल्या लोककथांचं पुस्तक काढत होते. तिचं जुनं काम त्यांनी पाहिलं होतं.

"दहा चित्रं हवीत, बाई. तुमचा श्रमांक सरासरी किती पडतो?"

"मी पट्टी लावत नाही," रेश्मा म्हणाली. 

"अरे! मग दर कसा ठरवायचा? आणि चित्र हातचं आहे हे लोकांना कळायचं कसं?"

"मूळ कागद तुमच्याकडं पाठवेन. शाईचा वास येईल त्याला. दराचं म्हणाल तर मला दोन-तीन गोष्टी विचारायच्या आहेत." या गोष्टींवर तिनं सबंध आठवडा डोकं फोडलं होतं. चित्र काढायला किती त्रास झाला, हे वर्षानुवर्षं सगळे तिला विचारत आले होते. आपणही तेच मोजत बसलो. चित्राचं पुढं काय होणार, हे कुणालाच कधी विचारलं नाही. "प्रती किती काढणार? किती वर्षं छापणार? दुसऱ्या भाषांत जाणार का? पिशव्या, कॅलेंडरं काढणार का त्यांची?"

फातर्पेकरांना हे अनपेक्षित होतं, पण त्यांनी उत्तरं दिली. तीन आवृत्त्या, कोकणीतही काढायचा विचार, कॅलेंडर बहुतेक. रेश्मानं मनात मांडणी केली आणि आकडा सांगितला.

पलीकडं शांतता.

पूर्वी अशा शांततेत ती बुडून जायची. आताही जिभेवर शब्द आलेच होते, 'तसं थोडं कमी जास्त करू.' तिनं ओठ दातांत धरला. स्वयंपाकघराच्या दारात रणजित ओलं फडकं हातात घेऊन उभा होता. तोही श्वास रोखून होता.

"हं," फातर्पेकर म्हणाले. "जरा जास्त होतंय, बाई."

रेश्मा गप्प राहिली.

"विचार करून कळवतो," ते म्हणाले आणि फोन बंद झाला.

दिवसामागून दिवस गेले, फोन नाही. रेश्मा घरभर फिरायची. जास्त सांगितलं का? इतकं आडमुठं बोलायला नको होतं का? काम गेलं, आता दुसरं कुठून आणायचं? ओळखीच्या सगळ्या काळज्या जमल्या, आणि या वेळी त्यांचा पैसाही मिळत नव्हता. तरी तिनं फोन करून आकडा खाली आणला नाही. एकदा लावायला घेतला आणि रणजितच्या हातात दिला. "हा ठेव तुझ्याकडं. मी मागितला तरी देऊ नकोस." 'तू' तोंडात बसला होता, तो परत 'तुम्ही' झाला नव्हता.

गुरुवारी ती गच्चीत कपडे वाळत घालत असताना रणजित धापा टाकत वर आला.

"फातर्पेकरांचा फोन होता! हो म्हणाले. दहा परवडत नाहीत, सहा चित्रं करा म्हणाले, पण दर तू सांगितलास तोच. एक पैसा कमी नाही."

रेश्माच्या हातात ओली चादर होती. तिनं त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं. चेहरा आनंदला होता. पण चेहऱ्यावरून तिला आता काही कळेनासं झालं होतं. 'रिपोर्ट नाही आला,' असं सांगणारा चेहराही असाच तर होता, साधा, तिच्या ओळखीचा. आपल्याला धीर यावा म्हणून बोलतोय का हा? की आपण आकडा उतरवू नये म्हणून?

तिनं चादर तशीच धरून ठेवली. रणजितचं हसू ओसरलं. त्याला समजलं. क्षणभर त्याला लागलंही, ते दिसलं. मग त्यानं खिशातून तिचा फोन काढला, फातर्पेकरांचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन तिच्यापुढं धरला. तिच्या हातची चादर स्वतः घेतली.

"हॅलो? मी रेश्मा तोडकर बोलतेय, कोल्हापूरहून."

"बोला बाई! आत्ताच तर यजमानांना सांगितलं की. सहा चित्रं, तुमच्या दरानं. मूळ कागदांचं तेवढं विसरू नका हां, आमच्या मिसेसला शाईचा वास घ्यायचाय."

"नाही विसरणार," रेश्मा म्हणाली. "करार आजच पाठवते."

फोन बंद झाला. रणजित चादर झटकून दोरीवर टाकत होता, टोकं जुळवत. तिच्याकडं न बघताच त्यानं विचारलं,

"पटलं?"

रेश्मानं चादरीचं दुसरं टोक धरलं आणि ओढून सरळ केलं.

"आजच्यापुरतं," ती म्हणाली.